गर्भाचे यकृत आणि मातेचा संसर्ग

जयपूर शहराच्या शास्त्रीनगर भागात २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात झिका ह्या विषाणूची लागण आढळली आणि थोड्याच दिवसांत आरोग्यखात्याची पथके त्या वस्तीत घरोघर हिंडू लागली. पिंपे, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरमध्ये साचलेले पाणी, सारे काही तपासण्यात आले. कारण झिका पसरविणारा एडिस जातीचा डास अशाच साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. तथापि डासांइतकीच काळजी होती ती गरोदर स्त्रियांची. त्या साथीत राजस्थानात दीडशेहून अधिक माणसांना लागण झाल्याचे निश्चित झाले, आणि त्यांत गरोदर स्त्रियांची संख्या मोठी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ह्या विषाणूची जनुकीय रचना तपासली, तेव्हा तो आशिया खंडात पूर्वीपासून वावरत असलेल्या वंशाचाच आहे असे दिसून आले.

धडधाकट माणसाला झिकाचा फारसा त्रास होत नाही. थोडा ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी. चार-आठ दिवसांत माणूस कामाला लागतो. पुष्कळांना तर काही झाल्याचे कळतही नाही. परंतु गरोदरपणी, विशेषतः पहिल्या महिन्यांत, हाच विषाणू आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचला, तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. आईचा ताप दोन दिवसांचा आणि मुलाची हानी जन्माची, असा हा विषम प्रकार आहे.

झिका गर्भाच्या मेंदूकडे वळतो. परंतु आईच्या शरीरातून गर्भाकडे जाणाऱ्या ह्याच वाटेने येणारे दुसरे कित्येक जंतू आहेत, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा पहिला मुक्काम गर्भाच्या यकृतात पडतो. असे का व्हावे, यकृतात त्यामुळे काय घडते आणि ते बाहेरून ओळखता येते काय, ह्याचा विचार पुढे केला आहे.

गर्भातील यकृताचे काम

मराठीत 'काळीज' म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. पण खाटकाच्या दुकानी 'कलेजी' मागितली असता जे मिळते ते हृदय नव्हे, यकृत होय. शब्दांचा हा घोटाळा जुना आहे, आणि गर्भाच्या बाबतीत तो अगदीच अनाठायी नाही. गर्भावस्थेत यकृताचे महत्त्व हृदयाच्या खालोखाल आहे. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन इतके असते. गर्भ दहा आठवड्यांच्या सुमारास असताना मात्र त्याच्या एकूण वजनापैकी जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या यकृताचा असतो. त्या वयाच्या गर्भाचे पोट पुढे आलेले दिसते ते ह्या यकृतामुळेच.

एवढे मोठे यकृत तेव्हा करते तरी काय? अन्नपचनाचा प्रश्न नसतो, कारण अन्न तयार होऊन आईकडूनच येते. विषारी द्रव्ये निकामी करण्याचे कामही बरेचसे आईच करते. गर्भाच्या यकृताचे त्या काळातील मुख्य काम आहे रक्त तयार करण्याचे. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. गर्भाची हाडे सुरुवातीला कूर्चेची, मऊ असतात. त्यांत मज्जा नसते. म्हणून साधारणतः सहाव्या आठवड्यापासून रक्तपेशींची ही गिरणी यकृतात सुरू होते, मधले काही महिने ती पूर्ण भरात चालते आणि शेवटच्या तिमाहीत हळूहळू आपले काम मज्जेच्या हवाली करते. जन्माच्या वेळी यकृतात ह्या गिरणीच्या काही खुणाच काय त्या उरलेल्या असतात.

शेवटच्या आठवड्यांत यकृत आणखी एका तयारीला लागते. ते साखर साठवू लागते. नाळ कापताच आईकडून येणारा साखरेचा ओघ एकदम थांबतो. अंगावरचे दूध पुरेसे उतरेपर्यंत बाळाला यकृतातील ह्या शिधोरीवरच निभवावे लागते. रक्त गोठविणारी बरीचशी द्रव्ये आणि रक्तातील पाणी वाहिन्यांतच धरून ठेवणारे प्रथिनही यकृतच बनविते. ही कामे येथे मुद्दाम सांगितली आहेत. कारण आजारी यकृत घेऊन जन्मलेल्या बाळाची लक्षणे म्हणजे ह्यांपैकी कोणते ना कोणते काम अडल्याची खूण असते.

आता रक्ताची वाट पाहू. वारेतून शुद्ध झालेले, प्राणवायू आणि अन्न घेऊन निघालेले रक्त नाळेतील नीलेमधून गर्भाच्या बेंबीपाशी येते आणि तेथून थेट यकृताकडे जाते. यकृताच्या दारात त्याला दोन रस्ते फुटतात. त्यातला काही भाग एका आखूड जोडनलिकेतून यकृताला बगल देऊन सरळ हृदयाकडे निघून जातो. राहिलेले बरेचसे रक्त यकृतातच शिरते, तेथील बारीक वाहिन्यांमधून पाझरत जाते आणि मगच हृदयाला मिळते. यकृताच्या डाव्या भागाला तर जवळजवळ सर्व रक्त वारेकडूनच मिळते. म्हणजेच वार ओलांडून एखादा जंतू गर्भात उतरला, तर त्याला गर्भाचे जे पहिले मोठे इंद्रिय लागते ते यकृत होय. गावाच्या वेशीवरच्या घराला पाहुण्याचा आणि चोराचा उपद्रव सारखाच, तसा हा प्रकार आहे.

वार आणि तिच्या दोन बाजू

आपल्याकडे बाळंतपणानंतर वार जमिनीत पुरण्याची चाल आहे, आणि तिला मान देण्याची ही रीत योग्यच म्हटली पाहिजे. आई आणि मूल ह्यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते. वारेच्या असंख्य बारीक पल्लवांवर पेशींचा एक विलक्षण थर असतो. त्यातील पेशींच्या मधल्या भिंती नाहीशा होऊन सारा मिळून एकच अखंड पडदा बनलेला असतो. आईचे रक्त ह्या पडद्याच्या बाहेरून वाहते, गर्भाचे आतून. पेशींच्या मधल्या फटी नसल्यामुळे फटीतून शिरण्याची सवय असलेल्या जंतूंना येथे वाट मिळत नाही. शिवाय आईच्या रक्तातील काही प्रतिपिंडे हा पडदा मुद्दाम उचलून गर्भाकडे पोहोचवितो, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे रक्षण त्यांच्यावरच अवलंबून असते.

अशी तटबंदी असूनही काही जंतू आत येतात. काही पडद्याच्या पेशींनाच लागण करून त्यांच्यातून पलीकडे उतरतात. काही पडदा जेथे झिजला वा फाटला असेल तेथून जातात. दुसरी वाट अगदी वेगळी आहे. योनिमार्गातील जिवाणू गर्भाशयाच्या मुखातून वर चढतात, गर्भाभोवतीच्या आवरणांना सूज आणतात आणि गर्भजलात मिसळतात. वेळेपूर्वी होणाऱ्या बाळंतपणाचे हे एक मोठे कारण आहे. वरवर पाहता ह्या दुसऱ्या वाटेचा यकृताशी संबंध नसावा. परंतु गर्भ सतत गर्भजल गिळत असतो. गिळलेले जल आतड्यांत जाते आणि आतड्यांतील रक्त ज्या नीलेने परत येते ती पुन्हा यकृतातच शिरते. मेंढीच्या गर्भजलात जिवाणूंच्या आवरणातील विष टाकून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की जिवंत जंतू एकही नसताना केवळ ह्या विषाने गर्भाच्या यकृतात दाहक पेशींची गर्दी होते आणि चरबीच्या देवघेवीत बिघाड होतो. मेंढीचे प्रयोग मनुष्याला जसेच्या तसे लागू करणे बरोबर नाही. पण दोन्ही वाटा शेवटी एकाच दाराशी येतात, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येईल.

दडून राहणारी कावीळ

यकृतातील बारीक रक्तमार्गांच्या कडेला भक्षक पेशी बसलेल्या असतात. कुप्फर ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. रक्तातून जाणारे जंतू आणि मोडक्या पेशींचे तुकडे गिळून टाकणे हे त्यांचे काम. गर्भाच्या यकृतातही त्या असतात, मात्र त्यांना अनुभव नसतो. जंतूला पकडावे, पण मारता येऊ नये, अशी स्थिती पुष्कळदा होते. मग जंतू यकृतातच वाढतो, आसपासच्या पेशी मरतात, दाह होतो आणि मेलेल्या जागी तंतूंचे जाळे विणले जाते. ह्याच वेळी संसर्गाने रक्तपेशींचाही नाश होत असल्यामुळे त्यांची भरपाई करण्यासाठी यकृतातील रक्त बनविण्याचा कारखाना, बंद पडण्याची वेळ आली तरी, जोराने चालू राहतो. दाह आणि ही जादा मेहनत मिळून यकृत फुगते. सोबत बहुधा प्लीहाही वाढते. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना गर्भाचे यकृत वाजवीपेक्षा मोठे दिसले, किंवा त्याच्या पोटात पाणी साचलेले आढळले, तर डॉक्टर संसर्गाचा विचार करतात तो ह्यामुळेच.

मोठ्या माणसाचे यकृत बिघडले की डोळे पिवळे होतात. गर्भाचे यकृत बिघडले तर तसे होईलच असे नाही, आणि ह्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. जुन्या रक्तपेशी मोडल्या की त्यांतून बिलिरुबीन नावाचे पिवळे द्रव्य निघते. मोठ्या माणसात यकृत ह्या द्रव्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. गर्भात मात्र हे द्रव्य प्रक्रिया न होता, कच्च्या स्वरूपातच, वारेतून आईकडे जाते आणि आईचे यकृत त्याची वासलात लावते. मुलाचा कचरा आई उचलते. म्हणून मुलाच्या घरातील अव्यवस्था बाहेर दिसत नाही. नाळ कापली जाते, त्या क्षणापासून हे काम बाळाच्या यकृताच्या गळ्यात पडते. निरोगी बाळाचे यकृतही ह्या कामाला एकाएकी सरावत नाही, म्हणून पुष्कळ बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. परंतु जन्मतःच किंवा पहिल्या चोवीस तासांत दिसणारी कावीळ ही त्या जातीची नव्हे. तिची चौकशी ताबडतोब झाली पाहिजे. सर्वच वेळा तिचे कारण संसर्ग असतो असे नाही. आई आणि मूल ह्यांचे रक्तगट न जुळणे हेही एक वारंवार आढळणारे कारण आहे.

संसर्ग गर्भातच झाला की जन्मानंतर, हे ठरविण्याची एक सोपी युक्ती शास्त्रज्ञांनी वापरली. आईची जी प्रतिपिंडे वार ओलांडतात ती एका जातीची असतात. दुसऱ्या, मोठ्या आकाराच्या जातीची प्रतिपिंडे वारेतून जाऊ शकत नाहीत. तेव्हा नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धची ही मोठी प्रतिपिंडे सापडली, तर ती आईकडून आलेली नसून बाळाने स्वतःच बनविली, म्हणजे गर्भातच त्याची त्या जंतूशी गाठ पडली, असा निष्कर्ष निघतो.

गरमी आणि गारगोटी

गर्भाच्या यकृताचा सर्वांत जुना ओळखीचा शत्रू उपदंश, ज्याला लोकभाषेत गरमी म्हणतात. ह्या रोगाने मृत जन्मलेल्या मुलांचे यकृत कापून पाहणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्यांना ते कठीण, पिवळसर-तपकिरी आणि गुळगुळीत दिसले, आणि त्यांनी त्याला गारगोटीची उपमा दिली. तंतूंचे जाळे पेशीपेशीच्या मध्ये शिरल्यामुळे यकृताला हा कठीणपणा येतो. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन ह्यांनी उपदंशाचा मळसूत्रासारखा जंतू शोधून काढला. त्यानंतर लवकरच लेव्हाडिटी ह्याने चांदीच्या क्षाराने रंगविण्याची रीत वापरून अशा मुलांच्या इंद्रियांत हे जंतू दाखविले. यकृतात तर ते खच्चून भरलेले असत.

१९४३ पासून उपदंशावर पेनिसिलिनचा उपयोग होऊ लागला आणि चित्र पालटले. हे औषध वार ओलांडते; त्यामुळे आईला टोचलेली सुई पोटातील मुलालाही बरे करते. अट एवढीच की रोग वेळीच ओळखला पाहिजे. गरोदर स्त्रीच्या पहिल्या तपासणीत रक्ताची जी चाचणी सरकारी दवाखान्यात केली जाते, तिच्यामागील हेतू हाच आहे. पुष्कळ घरांत ह्या चाचणीचे नाव काढणे अपमानाचे वाटते आणि सुनेला तपासणीला धाडताना सासू संकोच करते. जंतू मात्र घराण्याची अब्रू विचारात घेत नाही, आणि ज्या स्त्रीला स्वतःला काहीही होत नाही तिच्याही रक्तात तो असू शकतो.

दिल्ली, कोल्हापूर, काश्मीर

आपल्या देशाच्या दृष्टीने ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र उपदंशाचे नव्हे, तर पाण्यावाटे पसरणाऱ्या काविळीचे आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी येऊन पोहोचले. पाण्यात क्लोरीन टाकण्यात येत होते. त्याने विषमज्वराचे जंतू मेले, पण कुठलासा विषाणू वाचला. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ ह्या काळात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. बहुतेक बरे झाले. परंतु ह्या साथीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली: गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच अधिक होते.

त्या काळी ही दूषित पाण्याची नेहमीचीच कावीळ समजली गेली. दिल्लीच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने मात्र जपून ठेवले होते. पुढे अहमदाबाद येथे १९७५-७६ मध्ये आणि पुण्यात १९७८-७९ मध्ये कावीळ आली, तेव्हा पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह जुने-नवे नमुने एकत्र तपासले. १९८० मध्ये त्यांनी जाहीर केले की ह्या साथी 'अ' प्रकारच्या काविळीच्या नाहीत आणि 'ब' प्रकारच्याही नाहीत. हा कोणी तिसराच विषाणू आहे. त्याच वर्षी श्रीनगरचे डॉ. खुरू ह्यांनी काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीवरून स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. १९८३ मध्ये बालायान ह्या रशियन शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील काविळीच्या रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आपल्याच शरीरात हा विषाणू सिद्ध केला. असला प्रयोग कोणी करू नये हे खरे. पण त्या माणसाच्या धैर्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज हा विषाणू 'हेपॅटायटिस ई' ह्या नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्राला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यावाटे काविळीची मोठी साथ आली आणि पुण्याच्या संस्थेने तिचा तपशीलवार अभ्यास केला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हजारो लोक काविळीने आजारी पडले, काही दगावले. दोन्ही ठिकाणे पंचगंगेच्या काठची. नदी आटते, नाल्याचे पाणी तिच्यात उतरते, जलवाहिनीला कोठे तरी गळती असते, आणि दिल्लीचीच कथा लहान प्रमाणावर पुन्हा घडते.

सर्वसाधारण रुग्णांत ह्या काविळीने मरणाऱ्यांचे प्रमाण शंभरी एक-दोन इतके असते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते शंभरी वीस-पंचवीसपर्यंत गेल्याचे नोंदले गेले आहे. यकृत काही दिवसांतच निकामी होते, शुद्ध हरपते, रक्त गोठेनासे होते. गरोदर स्त्रीवरच हा विषाणू एवढा का उलटतो, ह्याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. गरोदरपणातील अंतःस्रावांचे बदल आणि मुलाला सामावून घेण्यासाठी नरमलेली प्रतिकारशक्ती ह्यांकडे बोट दाखविले जाते. इतर अनेक संसर्गांत गरोदरपणाच्या आरंभीचा काळ गर्भाला सर्वांत घातक असतो. येथे शेवटचा काळ घातक ठरतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि पोटातील मुलाचे काय? १९९५ पर्यंत असे समजत की मूल दगावते ते आईच्या आजारपणामुळे. त्या वर्षी डॉ. खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या मातांच्या आठ बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. एक बाळ जन्मतःच काविळीने आजारी होते. चार बाळांच्या अंगावर पिवळेपणा नव्हता, पण रक्ताच्या तपासणीत यकृताचा दाह दिसला. दोन बाळे थंडगार अंगाने आणि रक्तातील साखर उतरलेल्या अवस्थेत जन्माला आली आणि चोवीस तासांच्या आत गेली. त्यांपैकी एकाचे यकृत तपासले असता त्यातील पेशींचा प्रचंड नाश झालेला आढळला. पाच बाळांच्या रक्तात विषाणूचे जनुकीय द्रव्यच सापडले. विषाणू वार ओलांडून गेला होता. साखर का उतरली हे आता वाचकांच्या ध्यानी येईल: शिधोरी ज्या कोठारात असावयाची ते कोठारच उद्ध्वस्त झाले होते. पुढील काळात वारेच्या पेशींतही हा विषाणू वाढत असल्याचा पुरावा मिळाला. जी बाळे तगतात त्यांच्या रक्तातून मात्र तो थोड्याच काळात नाहीसा होतो आणि आजार जुनाट होत नाही.

येथे एका लोकरूढीविषयी लिहिणे भाग आहे. महाराष्ट्रात कावीळ झाली की गळ्यात माळ घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. माळ लांब होत जाते तसतशी कावीळ उतरते, असे सांगतात. ही माळ ओल्या काड्यांच्या तुकड्यांची गुंफलेली असते; काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी ती लांबते. कावीळही बहुतेकांची आपोआपच उतरते, म्हणून माळेला यश मिळते. धडधाकट पुरुषाने ती घातली तर फारसे बिघडत नाही. आठव्या महिन्यातील स्त्रीच्या बाबतीत मात्र माळ लांबण्याची वाट पाहण्यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच तिचे आणि मुलाचे प्राण वाचविण्याचे दिवस असतात. गरोदर स्त्रीची लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना गेली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. ह्या विषाणूवर चीनमध्ये २०११ साली एक लस मान्य झाली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात तिचा समावेश नाही. साथीच्या दिवसांत गरोदर स्त्रीला उकळून गार केलेलेच पाणी देणे, हा उपाय घरच्या घरी करता येतो.

जन्माच्या वाटेवरील लागण

'ब' प्रकारच्या काविळीची तऱ्हा निराळी आहे. हिचा विषाणू गर्भात क्वचितच उतरतो. लागण होते ती प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी बाळाचा संबंध येतो तेव्हा. बाळाला त्या वेळी काहीच होत नाही. ते दूध पिते, वाढते, शाळेत जाते. परंतु नवजात अवस्थेत ज्यांना ही लागण होते त्यांच्यापैकी शेकडा नव्वदांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी त्यांच्यातील काहींचे यकृत सुकते किंवा त्यात कर्करोग होतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरांतील पाचांच्याही अंगी तो टिकत नाही. ह्या तफावतीचे एक कारण असे मानतात की विषाणूचे एक प्रथिन आईच्या रक्तातून वार ओलांडून आधीच गर्भाकडे जाते आणि गर्भाची प्रतिकारशक्ती त्याला घरचेच समजू लागते. म्हणून ह्या विषाणूविरुद्धची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. २०११ मध्ये ही लस देशभरच्या नेहमीच्या लसीकरणात आली. बाळंतपण घरी झाले तर बहुधा चुकते ती हीच पहिली मात्रा.

बरे होणारे यकृत

रुबेला आणि सायटोमेगॅलो ह्या दोन विषाणूंची नावे शेवटी घेतली पाहिजेत. रुबेलामुळे गर्भाला अपाय होतो हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ग्रेग ह्यांनी प्रथम दाखविले. त्यांना दिसले ते मोतीबिंदू; १९६४-६५ च्या अमेरिकेतील साथीत असे आढळले की अशा मुलांचे यकृत आणि प्लीहा ही दोन्ही वाढलेली असतात, आणि त्वचेवर निळसर-जांभळे डागही दिसतात. हे डाग म्हणजे यकृताला काम आवरेनासे झाल्यावर त्वचेतच सुरू झालेली रक्तनिर्मितीची छोटी केंद्रे होत. रुबेलावर लस आहे, आणि महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात ती शाळाशाळांतून मुलांना देण्यात आली.

सायटोमेगॅलो विषाणूवर लस नाही. गर्भात होणाऱ्या संसर्गांत हा सर्वांत अधिक आढळणारा. भारतातील जवळजवळ प्रत्येक स्त्रीला तो तरुणपणापूर्वीच होऊन गेलेला असतो आणि शरीरात निद्रिस्त राहतो. गरोदरपणात तो जागा झाला, किंवा त्याची दुसरी जात बाहेरून आली, तर गर्भापर्यंत पोहोचू शकतो. बहुसंख्य बाळांना काहीही होत नाही. थोड्या बाळांचे यकृत जन्मतः मोठे असते, कावीळ असते, अंगावर लालसर ठिपके असतात. आईबापांचे सारे लक्ष त्या पिवळेपणाकडे लागते. आठवडे जातात, कावीळ उतरते, यकृत आकसून मूळच्या आकाराला येते. कारण गमावलेल्या पेशी पुन्हा निर्माण करण्याची यकृताची शक्ती अन्य कोणत्याही मोठ्या इंद्रियाला नाही. घरी पेढे वाटले जातात. कानाच्या आतील नाजूक पेशींना मात्र ही शक्ती नसते, आणि ह्या विषाणूने त्यांना दुखविले असेल तर बहिरेपण जन्मतःच असते किंवा पुढे वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू येते. म्हणून अशा बाळाची कावीळ पूर्ण उतरल्यावरही त्याच्या ऐकण्याची तपासणी पहिली काही वर्षे ठरावीक काळाने करीत राहावी लागते.